सव्वातीन मिनिटांचा हिशोब

चाकणच्या एखाद्या कारखान्यात जपानी भागीदार आला की काय काय बदलतं, ते तिथल्या कुणालाही विचारा. आधी जमिनीवर पिवळे पट्टे येतात. मग हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली जाते, म्हणजे पाना जागेवर नसला की लांबूनच दिसावं. चपलांच्या रॅकला नंबर पडतात. आणि एके दिवशी सकाळी स्पीकरवर पियानो सुरू होतो, नि सगळ्या शॉपने रांगेत उभं राहून हात वर करायचे असतात. पट्ट्यांना कुणी हसत नाही. हात वर करण्याला हसतात.

माझी नोकरी सेफ्टी ऑफिसरची. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांतच ती सगळी झाली. या पियानोच्या व्यायामाने उत्पादन वाढतं असं छातीठोकपणे सांगणारे सल्लागार मला भेटले, आणि ‘ही साहेब लोकांची नाटकं’ म्हणून कोपऱ्यात तंबाखू मळत उभे राहणारे कामगारही भेटले. त्यातल्या त्यात कामगारांचं म्हणणं मला जास्त समजतं. तरीही मी हा व्यायाम आमच्याकडे सुरू करायला लावला, तो टिकावा म्हणून भांडले, आणि आजही त्याच्या बाजूने बोलते. ते का, हे सांगायचं आहे.

‘राजिओ ताइसो’ म्हणजे रेडिओवरची कवायत. तिच्या पहिल्या संचात तेरा हालचाली असतात आणि त्या सव्वातीन मिनिटांत संपतात. हात वर ताणून सुरुवात, मग हात झुलवत गुडघे वाकवायचे, खांद्यातून हात गोल फिरवायचे, छाती उघडून मागे झुकायचं, बाजूला वाकायचं, पुढे-मागे वाकायचं, कमरेतून वळायचं. अकराव्या नंबरला दोन्ही पायांवर उड्या, आणि शेवटी दीर्घ श्वास. चटई लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, घामही फारसा येत नाही. तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्याला हा व्यायामच वाटणार नाही, आणि त्याच्या हिशोबाने ते खरंही आहे.

या कवायतीचा जन्म विम्यातून झाला. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने 1925 मध्ये रेडिओवरून सकाळचा व्यायाम द्यायला सुरुवात केली होती. जपानमध्ये टपाल खातं लोकांना छोटे आयुर्विमे विकायचं. त्या खात्याच्या विमा विभागाने ही कल्पना उचलली आणि सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने 1 नोव्हेंबर 1928 रोजी टोकियोतून पहिलं प्रक्षेपण झालं. विमा विकणाऱ्याला तुम्ही दीर्घायुषी व्हावं असं मनापासून का वाटतं, हे सांगायला नको. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेत होते. प्रजेची शरीरं राज्यकर्त्यांच्या नजरेत भरण्याचा तो काळच होता, आणि जपानमध्ये पुढे त्याचं काय झालं ते फारसं गोड नाही. युद्धाच्या वर्षांत ही कवायत हुकमाची झाली. शाळेत, कारखान्यात, जपानच्या ताब्यातल्या कोरिया-तैवानमध्येही माणसं एका आवाजावर एका दिशेला वाकू लागली. युद्ध हरल्यानंतर नव्या हालचाली बसवून ती पुन्हा सुरू केली गेली, पण अमेरिकन फौजांच्या अमलाखालच्या देशात सगळ्यांनी एका तालावर हात उचलणं कुणाच्याच पचनी पडेना. 1947 मध्ये ती बंद पडली. आज जी ऐकू येते ती 1951 मध्ये पुन्हा नव्याने बसवलेली. पियानोचं संगीत तादाशी हात्तोरी यांचं. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या रेडिओवर रोज सकाळी साडेसहाला ती असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलं गळ्यात कार्ड अडकवून मैदानात जातात आणि हजेरीचा शिक्का मारून घेतात.

मला हे काहीच माहीत नव्हतं तेव्हा, 2000 नंतरच्या दशकात, कंपनीने मला प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं. एओटीएस ही परदेशी तंत्रज्ञांना शिकवणारी तिथली जुनी संस्था. तिचं एक केंद्र आइची प्रांतात, तोयोता शहरात होतं. वर्गातले धडे तिथे झाले आणि नंतर जवळच्याच एका पुरवठादार कारखान्यात प्रत्यक्ष काम. कारखाना लहान, पत्र्याचे भाग प्रेसवर कापायचे, वेल्डिंग करायचं, पाठवायचे. माणसंही आपल्याकडच्यासारखीच: अर्धी पन्नाशीच्या पुढची, काही ब्राझीलहून आलेली, एक-दोन पोरं नुकती शाळा सोडलेली.

तिथला फोरमन साठीच्या आसपासचा, बुटका, डाव्या हाताची करंगळी अर्धी. प्रेसवर गेलेली, हे विचारावं लागलं नाही. सकाळी पियानो लागला की सगळे कामगार त्याच्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि तो त्यांच्याकडे. त्याच्या स्वतःच्या हालचाली अगदी कामचलाऊ. हात निम्म्यातूनच खाली यायचे. मला वाटलं, वय झालंय. एकदा दुभाष्या बरोबर असताना मी धीर करून विचारलं, तर तो म्हणाला, मी व्यायाम करत नसतो, बघत असतो. तिसऱ्या हालचालीला कुणाचा खांदा धरलाय ते दिसतं. सहाव्याला कंबर. अकराव्याला उड्या मारताना रात्री कोण पिऊन झोपला आणि कोण झोपलाच नाही, ते दिसतं. शेवटचा श्वास घेताना कुणाची छाती वर येतच नाही, त्याच्याशी मी चहाच्या सुट्टीत बोलतो.

मी आमच्याकडे अपघातांचं रजिस्टर ठेवत होते. त्यात जखम कुठल्या बोटाला, मशीन कुठलं, गार्ड होता की नव्हता, एवढे सगळे रकाने होते. तो माणूस सकाळी कामावर कसा आला होता, याचा रकाना नव्हता. शिफ्ट सुरू होण्याच्या क्षणी माणूस कसा आहे, हे आमच्याकडे कुणी बघतच नव्हतं. पंचिंग मशीन तो आला एवढंच सांगतं.

पियानो संपल्यावर तिथे आणखी एक गोष्ट व्हायची. माणसं दोन-दोनच्या जोडीने समोरासमोर वळायची. एकाने दुसऱ्याच्या टोपीपासून बुटापर्यंत बोट दाखवत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी ‘योशी!’ म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. मग दुसऱ्याने पहिल्याचं. त्या दिवशीच्या कामात काय अंगावर येऊ शकतं, हे एकाने मोठ्याने सांगायचं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. व्यायाम म्हणजे या सगळ्याची फक्त सुरुवात होती, आणि भारतात आपण नेमकी तेवढीच उचलून आणतो.

राहायची खोली कारखान्यापासून जवळ होती. तिच्या मागे एका देवळाचं आवार होतं, आणि त्या आवारात साडेसहाला म्हातारी माणसं जमायची. कुणीतरी बाकावर रेडिओ ठेवायचं. मी खिडकीतून बघत असे. थंडीचे दिवस, भाषा तुटकी, संध्याकाळी दुकानातल्या भाताच्या गोळ्यात मासा आहे की नाही ते लेबलवर ताडून बघण्यातच निम्मा जीव जायचा. सुटीच्या दिवशी तर कुणाशी एक शब्द न बोलता रात्र व्हायची. एका रविवारी स्वेटर चढवून खाली गेले. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी ‘या या’ केलं नाही. मी मागे उभी राहिले. पुढच्या वेळी गेले तर झोपाळ्याजवळ एक जागा मोकळी सोडलेली होती. प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि ही आता माझी, हे मला त्यावरून उमगलं. माझ्या आजवरच्या आयुष्यात इतक्या कमी बोलून कुणी मला आपल्यात घेतलेलं नाही. आपल्याकडे आधी गाव, मग आडनाव, मग लग्न झालंय का, आणि मग जागा.

त्यातले एक आजोबा सलग दोन दिवस आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पियानो संपल्यावर दोन आज्या एकमेकींशी काही न बोलता थेट रस्त्यापलीकडच्या त्यांच्या घराकडे चालू लागल्या. आजोबांना सर्दी झाली होती, एवढंच. पण एकट्याने राहणारी म्हातारी माणसं घरात मरून पडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, ही तिथली मोठी धास्ती आहे. त्या आवारात तशी धास्ती बाळगायचं कारण नव्हतं. रिकामी जागा दुसऱ्या दिवशी दिसायचीच.

त्या आज्यांपैकी एकीला थोडं इंग्रजी येत होतं. युद्धाच्या वेळी ती शाळेत होती. तेव्हाच्या कवायतीबद्दल मी विचारलं. ती म्हणाली, हालचाली वाईट नव्हत्या, शिट्टी वाईट होती. न येण्याची सोय नव्हती. मग आता का येता, तर म्हणाली, आता पाऊस आला की मी येत नाही. एवढं सांगून ती खळखळून हसली.

परत आल्यावर मी अहवालात शिफारस केली आणि वरिष्ठांनी ती लगेच उचलून धरली. जपानी पाहुणे येणार होते, हेही कारण होतं. पहिला आठवडा अपेक्षेप्रमाणे गेला. रांगेत मागे उभी असलेली पोरं एकमेकांचे हात पाडत होती. युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला सरळ विचारलं, “मॅडम, आम्हाला सूर्यनमस्कार येतात. रथसप्तमीला शाळेत घातलेत. हे जपानी कशाला?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, दादा, प्रेस शॉपच्या फरशीवर तेल असतं, तिथे तळहात टेकवणार का? सेफ्टी शूज घालून पाय मागे टाकणार का? ते हसले. शिवाय सूर्यनमस्कार नीट घालायला अंग तयार लागतं. ओव्हरटाइम धरून बारा तास राबून, खालुंब्र्याच्या खोलीत सहा जणांत झोपून आलेल्या पोराला ते सकाळी सातला घालायला सांगणं मला बरं वाटेना. उभ्याउभ्या, बुटांसकट, दुखणाऱ्या कमरेलाही जेवढं जमेल तेवढं, ही या कवायतीची जमेची बाजू आहे. जपानमध्ये 1999 पासून तर खुर्चीत बसून करायचाही एक प्रकार आहे. वय झालेल्यांना, अपंगांना जमावा म्हणूनच तो बसवला.

गाडीच्या वायरींचे जुडगे बांधायच्या हार्नेस लाइनवरच्या बायकांचं वेगळंच होतं. त्या लाइनवर जवळपास सगळ्या मुली. त्यांना पुरुषांच्या पुढे वाकायचं आणि उड्या मारायच्या नव्हत्या. हे त्यांनी सुपरवायझरला सांगितलं नसतं, मला सांगितलं. त्यांची रांग आम्ही स्टोअरच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत नेली आणि उड्यांच्या जागी टाचा उचलायची मुभा दिली. कुणी का उडी मारत नाही, हे विचारायचं नाही, असं लाइन लीडरला बजावून ठेवलं. दिवस राहिलेल्या मुलीने ते घरात सांगण्याआधी लाइनवर सांगावं लागू नये, एवढाच हेतू. त्या मुली आमच्या सगळ्या कारखान्यात सर्वांत मनापासून व्यायाम करायच्या. त्यातली एक मला म्हणाली होती, “ताई, दिवसभरात मी हात डोक्याच्या वर नेते ते इथेच.” घरी ओटा, बसमध्ये दांडा, लाइनवर कोपराच्या उंचीचं टेबल. तिचं खरं होतं.

पियानोबरोबर रेकॉर्डवर मोजल्या जाणाऱ्या जपानी आकड्यांचा कंटाळा आल्यावर एका वेल्डरने मराठीत आकडे म्हणायला सुरुवात केली. गावाकडे तो भजनात टाळ धरायचा. आठापर्यंत मोजून सम गाठायची हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पियानो खाली, त्यावर त्याचा खडा आवाज. पाहुणे आले तेव्हा वरिष्ठांनी मूळ जपानी रेकॉर्ड लावायचा आग्रह धरला, तर पाहुण्यांनीच सांगितलं की आमच्याकडेही प्रांताप्रांतांच्या बोलींत हे आकडे म्हणतात, तुमचंच चालू द्या.

मोठी लढाई वेळेची झाली. शिफ्ट सातची, बस पावणेसातला गेटवर. एचआरचं म्हणणं होतं की व्यायाम सहा पंचावन्नला घेऊ, म्हणजे सातला लाइन सुरू. ऐकायला पाचच मिनिटं. मी कागदावर मांडून दाखवलं. त्या शिफ्टला चारशे माणसं. रोजची दोन हजार मिनिटं, म्हणजे तेहतीस तास वीस मिनिटं. हे तास कोणाचे? एचआरचे साहेब म्हणाले, त्यांच्याच तब्येतीसाठी आहे ना! मी म्हटलं, मग ज्याला नको त्याने सातला यावं, चालेल? ते चालणार नव्हतं. ज्या गोष्टीला ‘नको’ म्हणता येत नाही ती काम असते, आणि कामाचा पगार असतो.

माझ्या मदतीला जपानचाच दाखला होता. नागासाकीच्या मित्सुबिशी जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांनी याच प्रश्नावर खटला लढवला होता. कामाचे कपडे आणि सुरक्षेची साधनं चढवून व्यायामाच्या जागेपर्यंत चालत जायचं, हा वेळ कंपनी कामात धरत नव्हती. 9 मार्च 2000 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कामाचाच वेळ ठरवला, कारण ते सगळं कंपनीने करायला लावलेलं होतं. भारतातल्या कारखान्याला तो निकाल लागू नाही, हे मलाही कळत होतं. पण जपानी पद्धत म्हणून पियानो आणायचा आणि जपानी न्यायालयाने त्याची जी किंमत लावली ती तिथेच ठेवून यायची, हे मला पटेना. मीटिंगमध्ये हे बोलल्यावर जपानी सल्लागार बराच वेळ गप्प होते आणि मग त्यांनी मान हलवली. व्यायाम सात ते सात-सात झाला. लाइन सात मिनिटं उशिरा सुरू होऊ लागली. उत्पादनाचा आकडा त्यामुळे पडला नाही आणि चढलाही नाही. व्यायामाने उत्पादन वाढतं म्हणणाऱ्यांना म्हणून मी फारसं मानत नाही.

रांगेत हात पाडण्याचे प्रकार त्यानंतर आपोआप कमी झाले. पगारातल्या वेळेत माणूस वेगळा उभा राहतो.

सुपरवायझरांनी रांगेकडे तोंड करून उभं राहायचं, हा नियम मात्र मला पुन्हा पुन्हा सांगावा लागला. त्यांना पाठ करून मोबाइल बघायची सवय. त्यातल्या एकाला हळूहळू गोडी लागली. एका सकाळी त्याने प्रेसवरच्या एका पोराला व्यायाम संपल्याबरोबर पॅकिंगला पाठवलं. पोरगा बीडकडचा, एरवी उड्यांना सगळ्यांत उंच. त्या दिवशी त्याचे पाय जमिनीवरून उठलेच नाहीत. “काय रे, झोपला नाहीस का?” एवढंच सुपरवायझरने विचारलं. पोरगा काही बोलला नाही. चहाच्या सुट्टीत कळलं की वडिलांना रात्री दवाखान्यात हलवलं होतं, रजा घेतली तर ठेकेदार हजेरी कापणार, आणि दवाखान्याचे पैसे तर हवेच होते. तो सुपरवायझरसमोर रडला. त्याला गावी पाठवायची सोय दुपारपर्यंत झाली. त्या सकाळी तो प्रेसवर असता तर त्याचं बोट गेलंच असतं, असं मी म्हणणार नाही. तसं सिद्ध करता येत नाही. पण त्याची ती सकाळ एका माणसाला दिसली. माझ्या रजिस्टरमध्ये जो रकाना नव्हता तो त्या दिवशी भरला गेला.

या व्यायामाने कंबरदुखी जाते का, मन प्रसन्न होतं का, असं मला विचारायला येणारे पुष्कळ असतात. शरीर थोडं सैल होतं, हे खरं. गार पडलेल्या स्नायूंवर एकदम वजन न घेणं केव्हाही चांगलंच. मनाचं म्हणाल, तर सकाळी चारशे माणसांबरोबर एका तालावर हात उचलताना बरं वाटतं, आणि का वाटतं याच्या खोलात मी गेले नाही. पण टेबलाची उंची चुकली असेल तर कंबर दुखतच राहते. तेरा काय, तीनशे हालचाली करा. पंधरा किलोचा ट्रे दिवसभर उचलायला लावून सकाळी तीन मिनिटं वाकायला शिकवणं ही शुद्ध फसवणूक आहे, आणि ती करणारे कारखाने मी पाहिले आहेत. तिथे भिंतीवर व्यायामाचं रंगीत पोस्टर असतं आणि पोस्टरखालच्या प्रेसचा दोन्ही हातांनी दाबायचा स्विच एका बाजूने चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेला असतो.

तुमच्या कारखान्यात हे सुरू करायचा विचार असेल तर आधी प्रेस शॉपमध्ये एक फेरी मारा. एखादा गार्ड काढून बाजूला ठेवलेला दिसला, तर पियानोची घाई करू नका. गार्ड बसवा, स्विचची चिकटपट्टी काढा. मग शिफ्टमधली सात मिनिटं द्या, सुपरवायझरला रांगेकडे तोंड करून उभं करा, आणि वार्षिक अहवालासाठी फोटो काढायला आलेल्या माणसाला सात-सात होईपर्यंत गेटवरच थांबवा.